रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी: वाट बघण्यात तरबेज, बोंब ऐकण्यात कच्ची

रिॲक्टच्या (वेब पानांची स्क्रीन बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) कंपोनंटची, म्हणजे स्क्रीनच्या एका तुकड्याची, टेस्ट लिहायची म्हटलं की बहुतेक टीम डोळे मिटून रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी घेतात. केंट सी. डॉड्स यांनी २०१८ साली ती आणली. परवाना एमआयटीचा, त्यामुळे किमतीवरून घासाघीस करायचा प्रश्नच नाही. इथे तिच्या एकाच अंगाची परीक्षा केली आहे. सर्व्हर आडवा झाला, प्रॉमिस (उशिरा येणाऱ्या उत्तराचा वायदा) रिजेक्ट झालं, म्हणजे फसलं, किंवा उत्तर उशिरा आलं, तर हिच्यावर लिहिलेली टेस्ट वेळेत लाल होते (पडते) का? आणि हिरवी (पास) राहिली, तर योग्य कारणासाठी राहते का?

निकाल आधीच सांगून टाकतो. चूक स्क्रीनवर दिसत असेल तर पाचपैकी साडेचार. दिसत नसेल तर दोन, तेही उदार मनाने. मधली दरी व्हिटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन), एमएसडब्ल्यू (टेस्टमध्ये सर्व्हरची नकली उत्तरं देणारं) आणि ईएसलिंट (कोडमधल्या चुका दाखवणारं) भरून काढतात, म्हणून ही लायब्ररी एकटी घेऊ नका. खालचं सगळं लायब्ररीची १६वी आवृत्ती, युझर-इव्हेंट १४ (क्लिक, टायपिंगची नक्कल करणारं पॅकेज), रिॲक्ट १९, जेएसडॉम (ब्राउझरशिवाय पानाची नक्कल) आणि एमएसडब्ल्यू २ या जोडणीबद्दल आहे.

नमुन्याला वीजबिलाचा एक छोटा कंपोनंट घेऊ. उघडताच तो थकबाकी मागवतो. आली तर रक्कम दाखवतो. नाही आली तर अलर्ट रोलच्या (स्क्रीन रीडरला तातडीची सूचना म्हणून कळणाऱ्या) डब्यात ‘बिल आणता आलं नाही’ असं लिहितो आणि खाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण देतो.

वाट बघण्याचं काम

इथे लायब्ररीला तोड नाही. फाइंडबायरोल म्हणजे आतून गेटबायरोल (स्क्रीनवरची वस्तू रोलवरून शोधणारं) आणि वेटफॉर (ती सापडेपर्यंत थांबणारं) यांची जोडी. वेटफॉर दर ५० मिलिसेकंदांनी पुन्हा बघतो, शिवाय म्युटेशन ऑब्झर्व्हर (बदलावर नजर ठेवणारा) लावून डॉम, म्हणजे पानाची रचना, हलला की लगेच बघतो, आणि १००० मिलिसेकंद झाले की हात टेकतो. हात टेकताना तेव्हाचा डॉम छापून देतो (७००० अक्षरांवर कापतो, ती मर्यादा वाढवता येते). ‘लोड होत आहे’ वरच गाडी अडकली की अलर्ट आला पण मजकूर वेगळा निघाला, हे त्या छापील डॉमवरून अर्ध्या मिनिटात कळतं.

बऱ्याच जणांच्या हातून एक चूक होते. सीआय सर्व्हर (टेस्ट आपोआप चालवणारा) संथ आहे म्हणून ते ही मुदत १००० वरून ५००० करतात. जेस्ट (व्हिटेस्टसारखंच टेस्ट चालवणारं साधन) आणि व्हिटेस्ट दोन्हींत अख्ख्या टेस्टची मुदतही ५००० मिलिसेकंदच असते. दोन्ही आकडे सारखे झाले की आधी टेस्टच संपते, नुसतं ‘वेळ संपली’ एवढंच हाती येतं आणि तो कामाचा डॉम छापलाच जात नाही. फाइंडबायची मुदत वाढवायचीच असेल तर २०००-३००० वर थांबा आणि टेस्टची मुदत १५००० करा. एका टेस्टमध्ये चार-पाच फाइंडबाय एकापाठोपाठ असतील तर त्यांची बेरीजही धरा.

अलर्टचा डबा कसा बांधला आहे तेही बघावं लागतं. स्क्रीन रीडरने नीट वाचावं म्हणून काही जण तो डबा आधीपासून रिकामा ठेवतात आणि चूक झाली की त्यात मजकूर टाकतात. पद्धत चांगली आहे, पण मग फाइंडबायरोलला रिकामा डबा पहिल्याच फटक्यात सापडतो, पुढची मजकुराची तपासणी त्याच क्षणी होते आणि टेस्ट विनाकारण लाल होते. अशा ठिकाणी वेटफॉरच्या आत मजकूर तपासायचा.

याच्या उलट प्रकार जास्त घातक. ‘चूक दिसू नये’ हे तपासायला वेटफॉरमध्ये क्वेरीबायटेक्स्ट (मजकूर शोधणारं) घालून ‘डॉममध्ये नाही’ असं लिहिलं, तर विनंती निघण्याआधीच ते खरं असतं आणि टेस्ट पहिल्याच नजरेत पास होते. आधी रक्कम दिसेपर्यंत थांबा, मग चूक नाही ते तपासा. वेटफॉरएलिमेंटटूबीरिमूव्हड या बाबतीत कडक आहे: काढायची वस्तू सुरुवातीला नसेलच तर तो सरळ एरर फेकतो. हा कडकपणा चांगला वाटला.

खोटी हिरवी

चुकीच्या वाटेची टेस्ट लिहिताना खरी अडचण अशी की चूक आणणं फार सोपं असतं. हवी तीच चूक आली का, हे मात्र लायब्ररी विचारत नाही.

जेस्टचं नेहमीचं जेएसडॉम वातावरण घ्या. नोडमधला (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला) फेच, म्हणजे सर्व्हरला विनंती करणारं फंक्शन, ते आत येऊ देत नाही. कंपोनंटने फेच हाक मारली की ‘फेच डिफाइन्ड नाही’ असा रेफरन्स एरर उडतो, कंपोनंटचा कॅच (चूक झेलणारा कोड) तो झेलतो आणि स्क्रीनवर ‘बिल आणता आलं नाही’ येतं. टेस्ट हिरवी. ५०० चं (सर्व्हरच्या बिघाडाचं) उत्तर देणारा तुमचा एमएसडब्ल्यूचा हँडलर एकदाही चालला नाही, तरी हिरवी. व्हिटेस्टमध्ये नोडचा फेच शिल्लक राहतो, त्यामुळे हा सापळा तिथे नाही. जेस्टवरच राहायचं असेल तर एमएसडब्ल्यूवाले सुचवतात ते जेस्ट-फिक्स्ड-जेएसडॉम वातावरण लावा.

दुसरा सापळा खुद्द एमएसडब्ल्यूचा. अनोळखी विनंती आली तर काय करायचं, या सेटिंगचं मूळ मूल्य ‘वॉर्न’ असतं. शहाणे लोक ते ‘एरर’ करतात आणि निर्धास्त होतात. पण ‘एरर’ म्हणजे टेस्ट पाडणं असं नसून ती विनंती पाडणं असतं. पत्त्यात एक अक्षर चुकलं, विनंती पडली, कंपोनंटने ती पडझड झेलली आणि चुकीची वाट तपासणारी टेस्ट पुन्हा हिरवी! यावर उपाय आहे: सर्व्हरच्या इव्हेंट्समध्ये ‘रिक्वेस्ट:अनहँडल्ड’ ऐका, आलेले पत्ते एका यादीत साठवा आणि आफ्टरईचमध्ये (प्रत्येक टेस्टनंतर चालणाऱ्या कोडमध्ये) ती यादी रिकामी आहे का ते तपासा. सेटअप फाइलमध्ये पाच-सहा ओळी वाढतात, पण हा सापळा कायमचा बंद होतो.

तिसरा सापळा साफसफाईचा. प्रत्येक टेस्टनंतर डॉम पुसायचं काम लायब्ररी आपोआप करते, पण त्यासाठी तिला आफ्टरईच ग्लोबल (इम्पोर्ट न करता) मिळावं लागतं. व्हिटेस्टमध्ये ग्लोबल्स मुळात बंद असतात. तेव्हा क्लीनअप स्वतः बोलावलं नाही तर आधीच्या टेस्टमधला अलर्ट डॉममध्ये तसाच राहतो, आणि पुढच्या टेस्टच्या फाइंडबायला तो शिळा अलर्ट आयता मिळतो. टेस्ट एकेकटी चालवली की पडते आणि सगळ्यांबरोबर चालवली की पास होते, असं दिसलं की आधी इथे बघा.

एकच ‘चुकीची टेस्ट’ लिहून भागत नाही, कारण नेटवर्कवरची चूक तीन प्रकारची असते. पहिली, तार तुटली: एमएसडब्ल्यूमध्ये एचटीटीपीरिस्पॉन्स.एरर, यात फेच रिजेक्ट होतो. दुसरी, ५०० आला: यात फेच रिजेक्ट होतच नाही, रिस्पॉन्स.ओके (उत्तर यशाचं आहे का) बघावं लागतं. ॲक्सिऑसवरून (५०० लाही स्वतः रिजेक्ट करणाऱ्या लायब्ररीवरून) फेचवर आलेल्या कोडमध्ये नेमकं हेच राहून गेलेलं असतं. तिसरी, २०० (यश) आला पण आत जेसनऐवजी (डेटाच्या ठरलेल्या साच्याऐवजी) गेटवेचं एचटीएमएल पान आहे: यात जेसन वाचताना सिंटॅक्स एरर येतो. वीजबिलाच्या नमुन्यात रिस्पॉन्स.ओके ची ओळ काढून टाकली, तर पहिली आणि तिसरी टेस्ट हिरवीच राहते, फक्त दुसरी पडते. त्यातही ५०० च्या उत्तराला वैध जेसनचा मजकूर असेल तरच पडते. मजकूर रिकामा असेल तर जेसन वाचणंच फसतं, कॅच झेलतो आणि राहून गेलेली ओळ झाकली जाते. म्हणून ५०० च्या हँडलरमध्ये खरा सर्व्हर देतो तसा जेसन मजकूर घाला.

‘पुन्हा प्रयत्न करा’ या बटणाची टेस्ट बहुतेक ठिकाणी लिहिलेलीच नसते. लिहायला सोपी आहे. पहिल्या विनंतीला ५०० द्यायचा, एमएसडब्ल्यूचा ‘वन्स’ पर्याय त्यासाठीच आहे, आणि दुसऱ्या विनंतीला खरी रक्कम. बटण दाबायचं, रक्कम दिसेपर्यंत थांबायचं, मग अलर्ट गेला आहे का बघायचं. रक्कम आणि चूक दोन्ही एकत्र स्क्रीनवर दिसणारे कंपोनंट भरपूर निघतात, कारण यश आल्यावर चुकीची स्टेट (कंपोनंटने लक्षात ठेवलेली स्थिती) रिकामी करायची राहून जाते.

हाच दोष आणखी एका वाटेने बाहेर काढता येतो. लायब्ररीच्या कॉन्फिगरमध्ये रिॲक्टस्ट्रिक्टमोड चालू करा. मग डेव्हलपमेंटमध्ये होतं तसं इफेक्ट (कंपोनंट उघडताच चालणारा कोड) दोनदा चालतं: कंपोनंट जुनी विनंती रद्द करत असेल तर पहिली विनंती ॲबॉर्ट, दुसरी खरी. कॅचमध्ये ॲबॉर्टएरर वगळला नसेल, तर काहीही बिघडलेलं नसताना ‘बिल आणता आलं नाही’ हा अलर्ट येतो. एका सेटिंगच्या बदल्यात एवढं मिळत असेल तर ते चालू न ठेवायला कारण नाही.

सात सेकंदांचं कोडं

टॅनस्टॅक क्वेरी (सर्व्हरचा डेटा आणून जपून ठेवणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांची नेहमीची तक्रार: यशाची टेस्ट पास, चुकीची टेस्ट टाइमआउट. कारण साधं आहे. क्वेरी फसली की ती आणखी तीन वेळा प्रयत्न करते आणि मध्ये १, २ आणि ४ सेकंद थांबते. म्हणजे चूक स्क्रीनवर यायला सात सेकंद. फाइंडबाय एका सेकंदात थांबतो, टेस्ट पाचमध्ये. नेहमीचा सल्ला असा की प्रत्येक टेस्टला नवा क्वेरीक्लायंट द्या आणि त्यात रिट्राय बंद करा. अर्धा सल्ला बरोबर आहे. नवा क्लायंट हवाच, नाहीतर आधीच्या टेस्टची कॅश पुढच्या टेस्टला मिळते. पण एखाद्या क्वेरीवर रिट्राय स्वतंत्र लिहिलेलं असेल तर क्लायंटमधलं सेटिंग तिला लागूच होत नाही. त्यापेक्षा रिट्राय तसाच ठेवून क्लायंटमध्ये रिट्रायडिले १ मिलिसेकंद करा. चूक लगेच दिसते, आणि हँडलरमध्ये मोजणी ठेवली तर एकूण चार विनंत्या गेल्या हेही तपासता येतं. अर्थात क्वेरीने रिट्रायडिलेसुद्धा स्वतःचा लिहिला असेल तर क्लायंटचं तिथेही चालणार नाही.

खोटं घड्याळ

खरी वेळ न घालवता घड्याळ पुढे ढकलायला टेस्टमध्ये खोटे टायमर लावतात, आणि ही जोडणीतली सगळ्यात कच्ची बाजू. वेटफॉरला खोट्या टायमरची जाणीव आहे, घड्याळ तो स्वतः पुढे ढकलतो, पण फक्त जेस्टचं. ‘जेस्ट’ नावाचं ग्लोबल आहे का, एवढंच तो बघतो. व्हिटेस्टमध्ये ते नसतं, म्हणून व्हीआय.यूझफेकटायमर्स (व्हिटेस्टचे खोटे टायमर) लावून फाइंडबाय केलं की थांबलेल्या घड्याळाकडे तो बघत बसतो आणि पाच सेकंदांनी टेस्ट मरते. निरोपात टायमरचा उल्लेखही नसतो. दोन वाटा आहेत. खोटे टायमर लावताना शुडॲडव्हान्सटाइम हा पर्याय चालू करा, म्हणजे खोटं घड्याळ खऱ्याबरोबर चालतं. नाहीतर सेटअपमध्ये ‘जेस्ट’ नावाचं ग्लोबल बनवून त्याच्या ॲडव्हान्सटायमर्सबायटाइममागे व्हिटेस्टचं फंक्शन जोडा. दुसरी वाट जुगाडाची आहे, पण चालते.

युझर-इव्हेंटचंही तेच. प्रत्येक कृतीनंतर तो सेटटाइमआउट (थोड्या वेळाने वाजणारा टायमर) लावून श्वास घेतो. खोटं घड्याळ असेल तर पहिल्या क्लिकलाच अडकतो. सेटअप करताना ॲडव्हान्सटायमर्स पर्यायात घड्याळ ढकलणारं फंक्शन द्या.

आता जवळून बघण्यासारखी एक गोष्ट. रिट्राय करणारं फंक्शन खोट्या घड्याळावर तपासताना क्रम असा लिहिला जातो: आधी प्रॉमिस एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, मग घड्याळ अवेट करत (काम पुरं व्हायची वाट बघत) सात सेकंद ढकलायचं, मग एक्स्पेक्ट, रिजेक्ट्स, टूथ्रो (प्रॉमिस फसेल ही अपेक्षा). वाचायला बरोबर वाटतं. पण प्रॉमिस रिजेक्ट होतं ते घड्याळ ढकलत असताना, आणि तेव्हा त्याला झेलणारं कुणीच जोडलेलं नसतं. नोडच्या लेखी ते बेवारस रिजेक्शन. टेस्ट पास होते आणि तरी रन लाल होतो. उपाय फक्त क्रमाचा आहे: रिजेक्ट्सची अपेक्षा आधी बांधून ती व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग घड्याळ ढकला, शेवटी त्या अपेक्षेवर अवेट करा. टेस्टच्या वरच प्रॉमिस.रिजेक्ट तयार करून ठेवलेला मॉकही (नकली फंक्शन) याच कारणाने भुताटकी केल्यासारखा वागतो. मॉकरिजेक्टेडव्हॅल्यू वापरा, रिजेक्शन हाक मारल्यावर जन्मू द्या.

बाउंडरीपर्यंत पोचलं का?

एरर बाउंडरी, म्हणजे चूक झाली की पर्यायी मजकूर दाखवणारा कंपोनंट, रेंडरमधली (स्क्रीन बनवतानाची) चूक झेलते. क्लिकच्या हँडलरमधली नाही, सेटटाइमआउटमधली नाही, प्रॉमिसमधली नाही. रिॲक्ट १९ मध्ये यूझट्रान्झिशनच्या आत दिलेल्या असिंक (उशिरा पुरं होणाऱ्या) फंक्शनची चूक आणि ‘यूझ’ने वाचलेल्या प्रॉमिसचं रिजेक्शन बाउंडरीपर्यंत जातं. बाकीच्या असिंक चुका आपणच पोचवायच्या: रिॲक्ट-एरर-बाउंडरी पॅकेजमधलं शोबाउंडरी वापरून, नाहीतर सेटस्टेटला दिलेल्या फंक्शनमध्ये एरर फेकून.

टेस्टमध्ये हे तपासणं सोपं आहे, फॉलबॅकचा (पर्यायी) मजकूर फाइंडबायने शोधायचा. त्रास कन्सोलचा होतो. रिॲक्ट १८ एकच चूक दोन-दोनदा छापायचं, १९ मध्ये ती एकदाच येते, हा मोठा दिलासा. तरी कन्सोल घाण होतो म्हणून कन्सोल.एरर अख्ख्या फाइलसाठी गप्प करू नका. त्याच तोंडाने ॲक्टचा (स्टेट टेस्टच्या नकळत बदलली असं सांगणारा) इशाराही येत असतो. त्या एका टेस्टपुरता स्पाय (काय छापलं त्याची नोंद ठेवणारा) लावा, किती वेळा आणि काय छापलं ते तपासा, आणि लगेच रिस्टोअर करा.

ॲक्टच्या इशाऱ्याबद्दल गैरसमज इतका पसरला आहे की लोक दिसेल ते ॲक्टमध्ये गुंडाळतात. या लायब्ररीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: तुमची टेस्ट बघायची थांबली आणि स्टेट त्यानंतर बदलली. म्हणजे चूक स्क्रीनवर यायच्या आधीच टेस्टने दुकान बंद केलं. उपाय म्हणून स्क्रीनवर शेवटी जे दिसणार आहे त्याची वाट बघा.

जमिनीवर सांडलेलं

ऑनक्लिकला असिंक फंक्शन दिलं, आत सेव्ह फसलं, कॅच नाही. युझर.क्लिकवर अवेट केलं तरी तुमच्या हँडलरचं प्रॉमिस पुरं व्हायची वाट तो बघत नाही. क्लिक झालं, त्याचं काम संपलं. स्क्रीनवर काही बदललं नाही, बाउंडरीला कळलं नाही, लायब्ररीला तर नाहीच. इथे दोन गुण द्यायचं कारण हेच.

व्हिटेस्ट इथे उपयोगी पडतं. सगळ्या टेस्ट पास असल्या तरी बेवारस रिजेक्शन सापडलं की रन अपयशी ठरवतं आणि कोणत्या टेस्टच्या वेळी ते घडलं असावं तेही सांगतं. ‘असावं’ हे महत्त्वाचं. उशिरा आलेलं रिजेक्शन पुढच्या टेस्टच्या माथी मारलं जाऊ शकतं, म्हणून नाव आलेल्या टेस्टच्या आधीचीही तपासा. डेंजरसलीइग्नोरअनहँडल्डएरर्स नावाचं एक सेटिंग आहे. नावातच धोका लिहिला आहे, तरी घाईच्या वेळी लोक ते चालू करतात आणि नंतर कुणीच बंद करत नाही.

विसरलेला अवेट माणसाच्या डोळ्याने पकडण्याची आशा सोडा. ईएसलिंटच्या टेस्टिंग-लायब्ररी प्लगइनमधले अवेट-असिंक-क्वेरीज, अवेट-असिंक-यूटिल्स आणि अवेट-असिंक-इव्हेंट्स हे तीन नियम एररवर ठेवा. त्याच प्लगइनमधला नो-वेट-फॉर-साइड-इफेक्ट्सही घ्या. वेटफॉरच्या आत क्लिक लिहिलं तर ते दर ५० मिलिसेकंदांनी पुन्हा होऊ शकतं, आणि पैसे भरायच्या बटणावर ते काय करेल याचा विचार करा. टाइपस्क्रिप्ट असेल तर नो-फ्लोटिंग-प्रॉमिसेस, जो टेस्टइतकाच मूळ कोडमधलाही सांडलेला माल दाखवतो. ट्राय-कॅचमध्ये एक्स्पेक्ट लिहायची सवय असेल तर एक्स्पेक्ट.हॅझअसर्शन्स (निदान एक तपासणी झालीच पाहिजे) टाका, नाहीतर एरर आलाच नाही तरी टेस्ट पास.

मराठी मजकूर असेल तर

हे मराठी इंटरफेस बनवणाऱ्यांसाठी खास. मजकूर शोधताना लायब्ररी कडेच्या मोकळ्या जागा छाटते आणि मधल्या एकत्र करते, त्यापुढे काही करत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) तर नाहीच. ‘दुसऱ्या वेळी प्रयत्न करा’ मधला ऱ हा एकच सांकेतांक असू शकतो, किंवा र आणि नुक्ता असे दोन. कीबोर्ड बदलला की हे बदलतं. डोळ्याला दोन्ही सारखे, लायब्ररीला वेगळे. त्यात भर म्हणून भाषांतराच्या फाइलमधून झिरो-विड्थ जॉइनर (न दिसणारी जोडचिन्हं) येतात. छापलेल्या डॉममध्ये मजकूर समोर दिसतोय आणि तरी ‘सापडला नाही’ म्हणते, म्हणून माणूस असिंकमध्ये तासभर दोष शोधत बसतो. मजकुराच्या क्वेरींना नॉर्मलायझर पर्याय देता येतो. त्यात मूळ नॉर्मलायझर चालवून वर एनएफसी (युनिकोडचं एक नॉर्मलायझेशन) लावा, शोधायच्या मजकुरालाही तेच लावा. जॉइनर मात्र एनएफसीने जात नाहीत, ते वेगळे काढावे लागतात.

बसवताना एक काळजी घ्या. १६व्या आवृत्तीपासून डॉम टेस्टिंग लायब्ररी पॅकेजबरोबर येत नाही, ती वेगळी घालावी लागते. घालताना दोन वेगळ्या आवृत्त्या पॅकेजच्या झाडात शिरल्या, तर युझर-इव्हेंट एकीशी बोलतो आणि रिॲक्टची लायब्ररी दुसरीशी. मग प्रत्येक क्लिकवर ॲक्टचा इशारा येतो आणि कॉन्फिगरमध्ये वाढवलेली मुदत लागूच होत नाही. ‘एनपीएम एलएस’ला (बसवलेल्या पॅकेजची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला) त्या पॅकेजचं नाव देऊन बघा. एकापेक्षा जास्त आवृत्त्या दिसल्या तर आधी त्या एकीवर आणा, टेस्टना नंतर हात लावा.